सड्यावर गेलेले पुरुष

मी एम.फिल.ला नाव घातलं तेव्हा आमच्याकडच्या विद्यार्थ्यांची सरळ वाटणी असे. ज्याला विषय सुचत नसे तो आंब्यावर लिही, आणि ज्याला आंबाही झेपणारा नसे तो मासेमारीवर. मला मात्र विषय आयता मिळाला होता, कारण मी त्यातच वाढले होते. पूर्णगडच्या खाडीपासून थोडं आत आमचं गाव. तिथल्या जवळजवळ प्रत्येक घरातला कर्ता पुरुष मुंबईला. माझे बाबाही तिकडे एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, आणि मधल्या काळात शेत, गुरं, म्हातारी माणसं, आमच्या शाळा आणि आजारपणं हे सगळं आई एकटी निभावून न्यायची. बायकांनी चालवलेली घरं, असा माझा विषय. माझ्या मार्गदर्शक सरांना तो आवडला. फक्त आठवणी नकोत, आकडे आण, असं त्यांनी बजावलं.

त्या काळात रत्नागिरीत आकडे शोधायचे म्हणजे चपला झिजवायच्या. या कचेरीतला माणूस त्या कचेरीत पाठवी, तिथला जेवायला गेलेला असे. शेवटी एका कारकुनाच्या कपाटात धूळ खात पडलेला एक छापील अहवाल सापडला. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या निवडक गावांत घरोघर जाऊन केलेली पाहणी. आमचं गावही त्यात होतं. मला आकाश ठेंगणं झालं. कारकून अहवाल बाहेर नेऊ देईना, पण समोर बसून उतरवून घ्यायला त्याची हरकत नव्हती. मी पान दुमडत तर नाही ना, हे तो चष्म्यावरून बघत राहिला.

मला हवा होता तो तक्ता मधेच कुठेतरी होता. कुटुंबप्रमुख कोण, राहतो कुठे, करतो काय. आणि त्यात लिहिलं होतं की आमच्या भागातल्या बहुतेक घरांचा प्रमुख पुरुष आहे, तो गावातच राहतो आणि शेती करतो. मी आधी तालुक्याचं नाव पुन्हा वाचलं. मग गावांची नावं वाचली. छापलेल्या अक्षराची जरब अशी की क्षणभर मला वाटलं, आपणच लहानपणी नीट बघितलं नसेल.

सरांनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा तक्ता खरा असेल तर तुझा विषय संपला, ते म्हणाले. चुकीचा असेल तर का चुकला ते दिवाळीपर्यंत दाखव. नाहीतर आंबा घे.

परतीच्या एस.टी.त मला रडू आलं. आंब्याशी माझं वैर नव्हतं. पण आईनं जे केलं ते एका तक्त्यात सापडलं नाही, म्हणून ते घडलंच नाही असं ठरणार होतं, आणि विषय बदलण्याच्या अर्जावर माझीच सही पडणार होती.

मग मी ठरवलं की आपणच विचारत फिरायचं. आमच्या गावात मला सगळे ओळखत, म्हणून अहवालातलंच दुसरं, पलीकडच्या डोंगराखालचं गाव निवडलं. तटस्थपणा हवा, असं पुस्तकात होतं. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, हातात पुठ्ठा, असा माझा थाट. पहिल्याच घरी खळ्यात भात वाळत होतं आणि एक बाई दारात उभी होती. मी प्रश्न विचारले, तिनं नम्रपणे उत्तरं दिली. मालक कुठे आहेत म्हटल्यावर म्हणाली, सड्यावर गेलेत, येतील इतक्यात. मी लिहून घेतलं. दुसऱ्या घरचे मालक सड्यावर गेले होते. तिसऱ्या घरचेही. त्यापुढच्या घरी तर मी प्रश्न पुरा करण्याआधीच बाईनं वर डोंगराकडे हात केला.

सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं सपाट माळरान. दुपारपर्यंत माझ्या कागदांनुसार तिथे जत्रा भरली होती. म्हटलं, बरं झालं, सगळे एकदमच भेटतील, आणि पदर खोचून घाटी चढून वर गेले. वर काळा कातळ, पिवळं पडत चाललेलं गवत आणि चार-दोन गुरं. बाकी माणूस नावाला नाही.

मी एका दगडावर टेकले. आधी राग आला. इतक्या बायकांनी, एकीनंही दुसरीला न विचारता, इतक्या गोड बोलून आपल्याला एकच थाप मारावी? आणि ती थाप मनात पुन्हा म्हणून बघताना आवाज ऐकू आला तो माझ्या आईचा. कुणी कापडवाला, कुणी भांड्यांना कल्हई करणारा, कुणीही अनोळखी माणूस बेड्याशी, म्हणजे आमच्या फाटकाशी, आला की आई आतूनच सांगायची, ते सड्यावर गेलेत, येतील इतक्यात. बाबा त्या वेळी मुंबईत खिळे जुळवत असायचे. त्यांच्या झिजलेल्या वहाणा बारा महिने पायरीवर असायच्या. आणि अंगणातल्या दोरीवर त्यांचा एक सदरा असायचा. आई तो दर आठवड्याला धुऊन वाळत घालायची. न वापरता सदरा मळतो कसा, असा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नव्हता. त्या कातळावर मी एकटीच मोठ्यानं हसले. गुरांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा चरायला लागली.

संध्याकाळी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग काय सांगतील गो त्या? परका माणूस दारात, आणि घरात मी एकटी हाय म्हणून सांगायचं?"

मी विचारलं, मागे पाहणीवाला आपल्याकडे आला होता, त्याला तू काय सांगितलंस? ती म्हणाली, तेच. म्हणजे तो तक्ता बिघडवण्यात आमच्या घराचाही हातभार होता.

मी पुन्हा कारकुनाकडे गेले आणि अहवालाची शेवटची, कुणी वाचत नाही अशी पानं वाचली. पाहणी कशी केली त्याची हकिगत तिथे बारीक टायपात होती. गाववाल्यांच्या ओळखीचा परिणाम नको, म्हणून विचारणारे तरुण मुद्दाम घाटावरून आणले होते. ते दिवसा जात, प्रत्येक घरी एकदाच जात, आणि सांगितलेलं उत्तर जसंच्या तसं लिहून घेत. कुणीही कामचुकारपणा केला नव्हता. नियमाबरहुकूम परका माणूस दारात उभा केला होता, आणि आमच्या बायकांनी परक्या माणसाला जे सांगायचं असतं ते सांगितलं होतं. तटस्थपणाच्या नादात मीही तशीच परकी होऊन दारात उभी राहिले होते.

दुसऱ्या फेरीला मी आईला बरोबर घेतलं. पुठ्ठा पिशवीत ठेवला. आईची मुलाखत घेण्याची पद्धत अशी की ती प्रश्नच विचारत नसे. पडवीत बसायची, पाणी प्यायची, बाईचं माहेर विचारायची, आणि त्या माहेरात स्वतःच्या माहेरची एखादी आत्या-मावळण शोधून काढायची. कोरा चहा येईपर्यंत नातं जुळलेलं असे. त्यानंतर बाई आपणहून बोलायला लागे. मालक मुंबईस. शिमग्यालाही जमलं नाही यायला. बैल कुणी घेतला, सासऱ्याचं उशाला बसून कुणी केलं, पोरीचं लग्न कुणी ठरवलं. मला लिहायला हात पुरेना. निघताना पहिल्या घरची बाई मला म्हणाली, "सड्यावर म्हटलं होतं त्याचा राग मानू नको हां बाय."

दिवाळीआधी मी सरांपुढे सगळे कागद ठेवले. त्यांनी शांतपणे वाचले आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पाहणीवाल्यांना एक सांगितलं, तुला दुसरं सांगितलं. तुझंच खरं कशावरून?

"सर, सड्यावर जाऊन बघा," मी म्हणाले.

सर हसले. मग म्हणाले, विषय ठेव, पण तो तक्ता फेकून देऊ नकोस. गावात पुरुष किती ते त्यातून कळत नाही. मात्र पुरुष घरी आहे असं किती बायकांना सांगावं लागतं, ते त्यातून कळतं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्याचं एक स्वतंत्र प्रकरण केलं आणि विषय टिकला. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की एवढ्यासाठी एवढं शिकावं लागतं होय.

पुढे मला रत्नागिरीतच कॉलेजात नोकरी लागली. शहराच्या कडेला दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी एकटी राहायला लागले. माहिती गोळा करताना कोण विचारतं, कुणाला विचारतं, कुठे उभं राहून विचारतं, हे सगळं बघा, असं मी वर्गात घसा फोडून सांगत असे. अशाच एका दुपारी दार वाजलं. हातात पुठ्ठा घेतलेला एक घामाघूम तरुण कुठलीशी पाहणी करत आला होता. बोलायला सभ्य, चेहरा दमलेला. त्याच्याबद्दल मला खरं तर कळवळा यायला हवा होता. घरात कोण कोण असतं, त्यानं विचारलं.

"आम्ही दोघं," मी म्हणाले. "हे बाजारात गेलेत, येतील इतक्यात."

माझं लग्न झालेलं नव्हतं. त्यानं लिहून घेतलं, आभार मानले आणि गेला. मी कडी लावून दाराला पाठ टेकवून उभी राहिले. सड्यावर हसले होते तसं हसू काही आलं नाही.

त्या रविवारी गावी गेले आणि आईकडे बाबांचा एक जुना सदरा मागितला. कशाला, असं तिनं विचारलं नाही. अंगणात जाऊन तिनं दोरीवरचाच सदरा काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"आठवड्याला एकदा धूत जा," ती म्हणाली. "नायतर कळतं."