नंबर प्लेटचा दिवा

आमचं घर लिंगायत. माझे वडील, म्हणजे आप्पा, यांनी सत्तर वर्षांत इष्टलिंग गळ्यातून कधी उतरवलं नव्हतं. उतरवलं ते एकदाच, आणि त्याच दिवशी मी ते डिक्कीत कोंडून ठेवलं.

आप्पांच्या कमरेचा एमआरआय काढायला आम्ही सिरसाळ्याहून परळीला गेलो होतो. अंगावर धातूचं काही चालत नाही म्हटल्यावर आप्पांनी थोडा वेळ डोळे मिटले, मग लिंगाची चांदीची डबी काढून माझ्या हातात दिली. "हातातच धर," म्हणाले. मी धरली. पण त्यांना खुर्चीवर बसवायचं, कागद सांभाळायचे, नंबर विचारायचा, हात दोनच. डिक्कीइतकी सुरक्षित जागा कुठली, असं म्हणून डबी पिशवीत घातली, पिशवी डिक्कीत, आणि झाकण आपटलं. शहाणपणा तो, दुसरं काय.

आठला सांगितलेला नंबर साडेबाराला लागला. सगळं उरकून गाडीशी आलो आणि बटण दाबलं, तर डिक्की उघडेना. आमच्या गाडीच्या डिक्कीला किल्लीचं भोक नाही, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या बटणावरच सगळा कारभार. वीस वेळा दाबलं. झाकणावर बुक्क्या मारल्या. मागची सीट उचकटून पाहिली, तर तिच्यामागे सलग पत्रा.

लिंग अंगावर नसेल तर आप्पा पाण्याचा घोटही घेत नाहीत. साखर कमी करायची गोळी त्यांनी पहाटेच घेतली होती, पोटात अन्न नव्हतं, आणि बोटं थरथरायला लागली होती.

"आप्पा, दोन घोट तरी घ्या."

"लिंग अंगावर येऊ दे."

"चक्कर आली म्हंजी?"

"येऊ दे."

मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर राग माझा मलाच आला होता, पण निघाला त्यांच्यावर. माझं लिंग मी लग्नानंतर वर्षभरात कपाटात ठेवलेलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला हे सगळं हट्टाचं वाटायचं. गाडी काढली ती तणतणतच.

सिरसाळ्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची वायरिंग करणारे एक मामा बसतात. साठीचे, धनगराचे, डोक्याला पटका. त्यांना सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "कटरनं कापा झाकण. गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे."

"कापायचं कावून, ताई?" त्यांनी मागच्या सीटवरच्या आप्पांकडे एकदा पाहिलं, आणि चपला बाजूला काढून ठेवल्या. आत देव आहे म्हटल्यावर ते गाडीला अनवाणीच भिडले.

त्यांनी डिक्कीला हातच लावला नाही. मला बटण दाबायला सांगून स्टिअरिंगखाली कान नेला. "टिकटिक वाजतंय. बटन चांगलं हाय, फ्यूज चांगला हाय. आता सगळे दिवे लावा." दिवे लावले. ते गाडीभोवती सावकाश फिरायला लागले.

"मामा, दिव्याचं काय काम? डिक्की उघडायचीय."

"आमच्यात मेंढरू हरवलं तर एकट्या मेंढराला हुडकत न्हाईत," ते न थांबता म्हणाले. "त्याच्यासंगं अजून कोण न्हाई, ते बघतेत. जोडीनं गेलेलं लवकर घावतं."

मागे जाऊन ते गुडघ्यावर बसले. "हे बघा, घावलं. नंबर प्लेटचा दिवा बी बंद हाय."

तो दिवा कधीपासून बंद होता, देव जाणे. मी कधी पाहिलाच नव्हता. मामांनी तो बाहेरूनच खोलला, टेस्टर लावला. "करंट येतोय. परत जायची वायर तुटली हाय. दिव्याची आणि कुलपाची ती एकच असती."

मी बघत राहिले. सातवीच्या वर्गाला दरवर्षी मी फळ्यावर हेच काढून दाखवते, प्रवाहाला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते. आणि माझ्या हातून काय झालं, तर बुक्क्या. हा माणूस बंद डिक्कीच्या आतलं बाहेरून वाचत होता.

त्यांनी वायरचा वीतभर तुकडा घेतला. एक टोक दिव्याच्या तुटक्या वाटेला, दुसरं गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवलं.

"दाबा, ताई."

टक् आवाज झाला आणि झाकण वर आलं. बिजागरीजवळच्या रबरी नळीत, उघडझाक करून करून तुटलेली काळी वायर त्यांनी मला नंतर दाखवली. तेव्हा मात्र माझं लक्ष पिशवीत होतं.

पिशवी मीच काढली. मामांनी न सांगता आप्पांच्या हातावर पाणी घातलं. आप्पांनी डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. मघापासून थरथरणारा तो हात हलेना. मी शेजारीच उभी होते, बोटाबोटाकडे पाहत होते. पोटात अन्न नाही, साखर उतरलेली, आणि हात अगदी स्थिर. शिकवायला माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. मला तिथं पहिल्यांदा वडिलांपुढे लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते बरं वाटलं.

डबी गळ्यात गेल्यावर आप्पा तांब्याभर पाणी प्यायले. मग माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली. खाता खाताच मामांना म्हणाले, "तुमचं मेंढराचं बोलणं लई खरं हाय."

मग माझ्याकडे वळून, न रागावता, त्यांनी विचारलं, "बाई, तुझं लिंग कुठं हाय?"

"कपाटात," मी म्हटलं.

आप्पांनी मान हलवली आणि उरलेली भाकरी माझ्यापुढे केली. मीही सकाळपासून उपाशीच होते. पण गळ्यात लिंग नसताना तो घास मला बराच वेळ उचलता आला नाही.