फौजदार बळवंत आणि जड गोळी

वेसाव्याच्या कोळीवाड्यातला पहिला फौजदार बळवंत होणार होता. होणार होता, झाला नव्हता. चौऱ्याऐंशी साली जमादाराचा तात्पुरता फौजदार झाला खरा, पण रिव्हॉल्व्हरची परीक्षा पास झाल्याशिवाय पद कायम व्हायचं नाही, आणि एकदा तो पडला होता. यंदा पडला तर पुन्हा जमादार. इकडे त्याची बायको मंजुळा मासळी बाजारात कधीच फौजदारीण म्हणून मिरवायला लागली होती, त्यामुळे बिचाऱ्याला मागे फिरायची सोयच उरली नव्हती.

सरावात तो बरा होता. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी ठाण्यात कळलं की हलक्या गोळ्या संपल्या, उद्या जड गोळ्या मिळणार. बळवंतने हे घरी सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला, कारण घरी त्याचा बाप लहू होता. लहूने उभा जन्म खाडीत पाग फेकण्यात घातला. या जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात, आणि शिसं जड झालं की जाळं लांब न जाता पायाशीच पडतं. म्हाताऱ्याने बंदूक कधी हातात धरली नव्हती, पण शिशाबद्दल त्याला शिकवायची कोणाची टाप नव्हती.

"जड गोली लवकर पडते," तो म्हणाला. "छातीत मारायची ना? मग कपालावर धर."

बळवंतला पटलं. कोळ्याच्या पोराला न पटायला काय झालं?

सकाळी चांदमारीच्या मैदानावर त्याने पुठ्ठ्याच्या माणसाच्या कपाळावर नेम धरला आणि शांतपणे सगळ्या गोळ्या झाडल्या. माणसाला ओरखडा नाही. त्याच्या डोक्यावर ठोकलेल्या नंबराच्या पाटीची मात्र चाळण झाली होती. नेमबाजी शिकवणारे उस्ताद शिवदास पाटी निरखत म्हणाले, "हात झकास आहे साहेब. फक्त आरोपी खाली उभा आहे."

बळवंतने पागाची गोष्ट सांगितली, तेव्हा शिवदास हसून हसून खाली बसले.

"अहो, जड गोळी सावकाश निघते. ती नळीतून बाहेर पडेपर्यंत धक्क्याने नळीचं तोंड वर गेलेलं असतं, म्हणून ती वर लागते. एवढ्याशा अंतरात खाली पडायला तिला वेळ कुठे? छातीखाली चार बोटं धरा. अजून एक संधी आहे."

बापाचं ऐकायचं की उस्तादांचं? शेवटी त्याने मनातल्या मनात बापाची माफी मागितली आणि नेम खाली आणला. एक सोडून सगळ्या गोळ्या छातीत बसल्या.

संध्याकाळी लहू ओट्यावर वाट बघत बसला होता. "कपालावर धरलीस ना?"

बळवंतने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मुलगा पोलिसात गेल्यापासून त्याच्या कामातलं काहीतरी आपल्याला कळतं, असं बापाला पहिल्यांदाच वाटत होतं.

"हो बा. म्हणून तर लागली."

मग काय, लहूने ते गावभर केलं. पुढच्या रविवारी गल्लीतला जमादार माणिक, ज्याची तीच जड गोळ्यांची परीक्षा तोंडावर आली होती, ताजे बोंबील घेऊन लहूकडे शिकवणीला आला. लहूने त्याला तासभर शिसं समजावलं. बळवंत दाढी करता करता आतून ऐकत होता. माणिक निघाला तसा तो तोंडाला साबण तसाच ठेवून त्याच्यामागे धावला आणि त्याला कोपऱ्यावर गाठला.

"चार बोटं खाली धर," तो हळूच म्हणाला. "आणि पास झालास की पेढे माझ्या बाला दे."