न दिसणारी खूण

माझी मोठी बहीण तापट आहे. घरात आम्ही तिला ठिणगी म्हणतो. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ती संगणक सांभाळते आणि मी तिथेच खिडकीवर नावं नोंदवतो, त्यामुळे तिचं डोकं फिरलं की पहिला फटका मला बसतो. पण त्या बुधवारी ते फिरलं हे बरंच झालं. माझंही फिरलं होतं, फक्त माझ्यात तोंड उघडायची धमक नव्हती.

ताई रजेवर असताना मॅनेजरला हुक्की आली, की संगणक चालू होताना पडद्यावर आपल्या प्रयोगशाळेचं नाव झळकावं. संगणक चालू होताना सगळ्यात आधी एक लहानशी फाइल वाचतो; पुढे कुठला प्रोग्रॅम उठवायचा ते तिच्यात लिहिलेलं असतं. मॅनेजरने ती केबिनमधल्या आपल्या संगणकावर उघडली, नाव टाकलं, सेव्ह केली आणि पेनड्राइव्ह तंत्रज्ञ काकांच्या हातात ठेवून प्रयोगशाळेतल्या बाकी सगळ्या संगणकांत घालायला लावली. काकांनी निमूट घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही यंत्र सुरू होईना. उपाशीपोटी आलेले लोक माझ्यावर खेकसत होते, आणि मॅनेजरने सगळ्यांदेखत काकांवर खापर फोडून त्यांना घरचा रस्ता दाखवला.

ताई कामावर आली, तिने फाइल तपासली आणि तिच्या कपाळावरची शीर तटतटली. ओळ संपली की केबिनमधला संगणक तिथे दोन खुणा टाकतो, आमच्या यंत्रांना एकच कळते. जास्तीची खूण डोळ्यांना दिसत नाही. यंत्र मात्र तिला प्रोग्रॅमच्या नावातच धरतं आणि असल्या नावाचा प्रोग्रॅम त्याला कुठेच सापडत नाही. अशा दोन खुणा टाकणारा संगणक आमच्याकडे एकच होता. काकांनी फक्त हमाली केली होती.

लोक ताटकळले होते म्हणून तिने आधी त्या खुणा काढून यंत्रं सुरू केली. मग ती केबिनमध्ये शिरली, मागोमाग मी. मॅनेजर म्हणाला, झालं ना सुरू, आता जुनं कशाला उगाळायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक स्वतःची आणि पाय दुसऱ्याच्या पोटावर!

"काकांना फोन लावा," ताई म्हणाली. "चूक कुणाची होती ते तुमच्या तोंडून सांगा. नाहीतर उद्यापासून ही यंत्रं तुम्हीच सांभाळा."

ताई जागची हलेना. शेवटी मॅनेजरने फोन लावला, तोही तिने स्पीकरवर ठेवायला लावला. ते फाइलचं माझ्याकडून झालं होतं, उद्यापासून कामावर या, एवढं बोलताना त्याला घाम फुटला. आता काका शिव्या घालतील असं मला वाटलं, आणि त्यांनी घालाव्यात अशी माझी मनापासून इच्छा होती.

"येतो उद्या," काका म्हणाले. "पण साहेब, हे एकदा माझ्या मुलीलाही सांगाल का? माझंच चुकलं असं मी घरी सांगून बसलोय. मला खरंच तसं वाटलं होतं."