गिरणी थांबली तेव्हा

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण भरवसा नव्हता. भरवसा होता तो स्वतःच्या गणितावर. वडिलांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य काढलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि आज त्याच वागळे इस्टेटमध्ये मी केबिनमध्ये बसते. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. इलेक्ट्रिक गाडीही सगळं वाचून, हिशेब जुळवूनच घेतली. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीने चार्जिंगला नकार दिला तेव्हा मी म्हटलं, नका देऊ. ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज साधा प्लग लावायचे, संध्याकाळपर्यंत गाडी भरायची. कुणाला विनवायची वेळ आली नाही.

आईचं डायलिसिस ठाण्यालाच, नौपाड्यात, आठवड्यातून तीनदा. एकदा एक दिवस चुकला होता, तेव्हा तिच्या फुप्फुसांत पाणी भरलं आणि ती रात्रभर बसून श्वास घेत होती. तेव्हापासून आमच्या घरी त्या वेळेपुढे काही नसतं. तरी नवरात्रात अष्टमीला ती हटून बसली. खडवलीजवळच्या आमच्या गावदेवीची ओटी भरायचीच. "अगं, यंदा पाय चालतायत. पुढचं कोणी बघितलंय?" डायलिसिस चार वाजता होतं. दोन दिवस ऑफिस बंद, म्हणून बॅटरी कमी होती. पण परतीच्या रस्त्यावर एका ढाब्याच्या आवारात फास्ट चार्जर मोबाइलच्या नकाशावर दिसत होता. जाऊन यायला भरपूर वेळ, असं मी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

ओटी भरून झाली. ढाब्यावर पोचलो तेव्हा एक वाजला होता आणि बॅटरी सहा टक्के होती. चार्जरची जाड नळी मी गाडीला लावली, तर ती पूर्ण आत जाईना. काढली, पुन्हा लावली. हेल्पलाइनवरचा माणूस तेच तेच सांगत राहिला. पाऊण तास गेला. भाड्याची गाडी मिळेना, रिक्षावाले ठाण्यापर्यंत यायला तयार नव्हते, आणि स्टेशनचा पूल चढणं आईच्या छातीला झेपणारं नव्हतं. ती मागच्या सीटवर बसून तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेत होती. मला त्याचाही राग आला. ओटी भरायला आलो आणि हे फळ, असं मी मनात म्हटलं. मग लिहितानाही लाज वाटते असं काहीतरी देवीला बोलले.

रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी होती. गिरणीत जाड प्लगचा पॉइंट असणार, म्हणून गाडी तिकडे नेली. नवरात्रात तिथे सकाळीच जातं धुऊन-पुसून फक्त उपासाचं दळतात. गव्हाचा कणही लागू देत नाहीत. सात-आठ बायका वरी, राजगिऱ्याचे डबे घेऊन नंबर लावून बसल्या होत्या. त्या दिवशी दळण उशिरा सुरू झालेलं, सगळ्या सकाळपासून उपाशी. गिरणीवाल्या मावशींनी माझं ऐकून घेतलं. "पॉइंट हाय. पण दोन्ही एकदम चालवलं तर फ्यूज उडंल. गिरणी बंद करावी लागंल बाय."

मी त्या बायकांकडे बघितलं. शेवटी एवढंच म्हटलं, "आईला ठाण्याला मशीनवर न्यायचंय. चारच्या आत."

"एवढी मोठी गाडी, न् आली शेवटी आमच्या नंबरात," त्यातली एक म्हणाली. सगळ्या हसल्या. मग तीच म्हणाली, "लाव गं. आमची वरी काय पळून नाय जात."

मावशींनी खटका खाली केला. गिरणीची घरघर थांबली आणि मी गाडीला साधा प्लग लावला. दिवा लागला, पण फार सावकाश भरणार हे मला ठाऊक होतं. ठाण्यापर्यंत पोचण्याइतकी भरायलाच दोन तास तरी लागले असते. ढाब्यावर उघडलेलं खालचं झाकण तसंच उघडं होतं. मी घड्याळ बघत उभी होते, तेवढ्यात मावशी वाकून चार्जिंगच्या जागेत बघायला लागल्या. "ह्या खालच्या भोकात तांदूळ कशाला भरलास?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. आई काचेतून हळूच म्हणाली, "गुढीपाडव्याला गाडीच्या पूजेत मीच वाहिल्या अक्षता. गाडीचं तोंड ते, म्हटलं तिथं आधी कुंकू लावावं. खालचं झाकण उघडून लावलं."

फास्ट चार्जरला खालची दोन मोठी भोकं लागतात, साध्या प्लगला नाही. म्हणून सहा महिने मला पत्ता नव्हता. मी सगळी माहितीपुस्तकं वाचली होती, पण त्या झाकणाखालच्या भोकांत कधी डोकावून बघितलं नव्हतं. दाण्यात जन्म गेलेल्या बाईला ते एका नजरेत दिसलं. गाडी बंद करून, प्लग काढून, मावशींनी जात्यावरचं पीठ झाडायच्या मऊ कुंचल्याने कुंकवाने लाल झालेले तीन दाणे बाहेर काढले. आम्ही परत ढाब्यावर गेलो. या वेळी नळी 'खट्' करून बसली.

चारला पाच मिनिटं कमी असताना आई नौपाड्यात मशीनवर होती. आत जाताना म्हणाली, "देवीच होती गं ती." एरवी मी वाद घातला असता.

बाहेर बाकावर बसून मी हात जोडले. ढाब्यापासून ठाण्याला येताना वाटेत किती चार्जर लागले होते. काही वर्षांत गावोगावी होतील, माझी खात्री आहे, आणि मग गाडीसाठी कुणाची गिरणी थांबवायची वेळ यायची नाही. पण मला त्या बाकावर दुसरंच कळलं. मदत मागितली की माणूस लहान होतो, असं मी शाळेपासून धरून चालले होते. त्या दिवशी मी मागितली, आणि सात-आठ उपाशी बायका माझ्या आईसाठी थांबल्या. त्यांतल्या एकीचंही नाव मी विचारलं नाही. देवीपुढे बसते तेव्हा आता माझं काही मागणं नसतं. त्या दिवशी त्यांची चूल वेळेत पेटली असेल ना, एवढंच विचारते.