बनवणाऱ्याचं नाव

"ये? ये हमारी हेल्पर है जी. बर्तन-वर्तन, साफ-सफाई."

वहिनी साहेबाला सांगत होत्या आणि बोट माझ्याकडे होतं.

चंदीगडजवळच्या एअरोसिटीतलं त्यांचं स्वयंपाकघर. पांढऱ्या टाइल्स, काळा ओटा. ओट्यावर ओळीनं मांडलेल्या बरण्या. शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळाची, आणि आमच्या मराठवाड्याचा काळा मसाला. सगळं मी माझ्या घरी भाजून कुटून डेराबस्सीहून बसनं आणलेलं. त्या ओट्यावर त्यातलं काही कधी शिजलं नव्हतं, भाजलं नव्हतं. वहिनींनी मला सकाळी लवकर बोलावलं ते यासाठी, की साहेब यायच्या आधी मी थोडं तीळ-खोबरं भाजावं. घरात वास सुटावा.

घरी खायचे पदार्थ करून विकायचे तर सरकारदरबारी नोंदणी लागते. साहेब त्यासाठीच स्वयंपाकघर बघायला आला होता.

"बनाता कौन है?" त्यानं विचारलं.

"मैं ही. सब मेरी सासूमाँ की रेसिपी है."

मी तिथंच उभी. डोक्याला जाळीची टोपी, हातात फडकं. दोन्ही वहिनींनीच दिलेलं. साहेबानं एकदा माझ्या हातांकडे बघितलं. मसाला कुटणाऱ्याची नखं लपत नाहीत. त्यानं बघितलं, आणि कागदावर खूण केली.

त्याला चिनी मातीच्या कपात चहा. मला कागदाच्या. "फिल्टरला हात नको लावूस गं, मी देते पाणी," वहिनी म्हणाल्या. त्या नेहमीच म्हणायच्या. मी नेहमी मनाची समजूत घालायची, स्वच्छतेचं असेल. त्या दिवशी घातली नाही.

वहिनी म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या पत्नी. इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. माझा नवरा डेराबस्सीला औषधाच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या कामावर. मी बी.ए. झालेली, घरी बसलेली. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा गेले तेव्हा डबाभर शेंगदाण्याची चटणी नेली होती. बायका तुटून पडल्या. कुणी केली, कुणी केली. वहिनी जवळ आल्या, गालातल्या गालात हसत.

"आडनाव काय तुमचं?"

सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"अच्छा." एवढंच. हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तो 'अच्छा' मी शाळेपासून ऐकत आले. आम्ही बौद्ध. आमचं आडनाव ऐकून काही लोकांना सगळं कळतं आणि ते काहीच न कळल्यासारखं करतात.

पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन. "तू करून देत जा, मी खपवते. मला सगळे ओळखतात. नावबिव नको, 'घरची चव' म्हणू." अहोजाहो एका आठवड्यात अगंतुगंवर आलं होतं. मला ते प्रेम वाटलं. परमुलखात आपल्या भाषेतलं माणूस 'अगं' म्हणालं की बरं वाटतं.

दोन वर्षं मी करत राहिले. माझी चटणी चंदीगडच्या सेक्टरांत गेली, पंचकुल्याला गेली. लोक वहिनींना म्हणायचे, तुमच्या हाताला काय चव आहे. वहिनी मला फोनवर सांगायच्या, अमक्या काकूंना तिखटजाळ हवी, तमक्यांना लसूण नको. चटणी खाणाऱ्यांची नावं मला पाठ होती. माझं कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मंडळाच्या दिवाळीच्या प्रदर्शनाचं निघालं. हॉलवाल्यांनी सांगितलं, नियम कडक झालेत, नोंदणीच्या नंबराशिवाय खायच्या वस्तूंचा स्टॉल मिळणार नाही. वहिनी म्हणाल्या, "माझ्या नावावर करून घेते. तुला कशाला कटकट? कायद्याचं सगळं इंग्रजीत असतं."

मी बी.ए. आहे हे त्यांना माहीत होतं.

साहेब येऊन गेला त्या दिवशी घरी आले आणि लेकीला म्हटलं, तो नियम काढ मोबाइलवर. लेक दहावीला. मराठी समजते तिला, बोलते हिंदीत. दोघींनी वाचलं. अवघड काही नव्हतं. पाकिटावर लिहायचं काय काय घातलंय, कधी केलं, नोंदणीचा नंबर. आणि बनवणाऱ्याचं नाव, पत्ता.

बनवणाऱ्याचं. विकणाऱ्याचं निराळं लिहिता येतं, पण बनवणाऱ्याचं चुकत नाही.

खरं सांगते, मला आनंद झाला नाही. संशय आला. आमच्या घरात सरकारनं नाव विचारलं की आधी बघायचं, कशाला विचारतात. माझ्या आजोबांचं नाव पोलीसपाटील लिहून घ्यायचा ते वेठीला बोलवायला. आता हा कायदा माझं नाव मागतोय, तो माझ्यासाठी केलाय थोडाच? मोठमोठ्या कारखान्यांकडे वकील असतात. उद्या काही बिघडलं तर माझ्यासारखीचा पत्ता धरून दारात कोण येणार, ते मला कळत होतं. आणि वहिनींना माझं नाव का नकोय, तेही कळत होतं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. चार मराठी माणसं आहेत इथं. त्यांच्याशी वैर घेऊन राहायचं कुणाच्या जिवावर?"

मी म्हटलं, "पाकिटावर नुसतं पहिलं नाव लिहिलं तर?"

लेक मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "हाँ, वही करो. सरनेम मत लिखो मम्मी. मैं भी स्कूल में नहीं बताती."

तिला हे कुणी शिकवलं? मी नाही. नवऱ्यानं नाही. म्हणजे आम्ही दोघं गप्प बसत होतो ते बघून ती शिकली. मी गाव सोडून इतक्या लांब आले, इथं आम्हाला कोण ओळखतं म्हणून. आणि माझी पोर इथं माझ्या डोळ्यांदेखत स्वतःला लपवत होती. अगदी सहज. केस बांधावेत इतकं सहज.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावानं अर्ज भरला. पूर्ण नाव. पत्ता भाड्याच्या दोन खोल्यांचा. माझ्याकडे बघायला आलेला साहेब निराळा होता. त्यानं डबे उघडून बघितले, पाणी कुठून येतं ते विचारलं, उंदरांचं विचारलं. घाम फुटला मला. पण कोण बनवतं विचारल्यावर मी म्हटलं, "मैं." एका शब्दाचं उत्तर. दोन वर्षांत पहिल्यांदा दिलं.

नंबर आला तसा वहिनींना फोन केला. "वहिनी, नोंदणी मी माझ्या नावावर केलीय. आता तुम्हाला माल देणार नाही."

त्या हसल्या. "बरं झालं की. पण घेणार कोण गं तुझं?"

लेबलं इंडस्ट्रियल एरियातल्या एका छापखान्यात छापली. सरदारजी म्हणाले, "नाम छोटा रखना है या बड़ा?" नियम एवढाच की वाचता यावं. मी म्हटलं, "बड़ा."

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये टेबल मांडलं. नवरा नाराज, पण आला. लेक कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसली. पहिली बाई आली. पाकीट उचललं, वास घेतला, उलटं करून वाचलं. खाली ठेवलं. "घरात आहे अजून," म्हणाली. दुसरी आली. वाचलं, ठेवलं. "तिखट चालत नाही हो आम्हाला." तिला कुणीतरी हाक मारली, तेव्हा मला कळलं ही कोण. हिच्यासाठीच वहिनी तिखटजाळ करून घ्यायच्या. दोन-तीन पंजाबी बायकांनी घेतली, चाखून. आपल्यांपैकी कुणी नाही. बाया यायच्या, वाचायच्या, ठेवायच्या. मी प्रत्येकीचे डोळे बघत होते. नजर नावापर्यंत जायची आणि हात सुटायचा.

दुपार कलताना वहिनी आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "आडनाव कशाला छापलंस गं? तुझ्या भल्याचंच सांगते. उरलेलं मला दे. माझ्या बरण्यांत भरते. संध्याकाळपर्यंत संपेल बघ."

म्हणजे चटणी चालत होती. हातही चालत होते. पाकिटावरची ती एक ओळ चालत नव्हती.

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. उभी राहिले. माइक नव्हता, लागलाही नाही. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारतात, तसला आवाज आहे माझा.

"ऐका. दोन वर्षं तुम्ही वहिनींकडून जी चटणी घेतलीत, ती माझ्या हातची आहे. डेराबस्सीला माझ्या घरात केलेली. माझं नाव पाकिटावर आहे. वाचून घ्या."

वहिनींचं तोंड लाल. "काय तमाशा लावलायस," त्या म्हणाल्या.

मागून एक गृहस्थ शहाण्यासारखे म्हणाले, "अहो ताई, इथं सगळे मराठीच आहेत. जात कशाला आणता मध्ये?"

जात हा शब्द मी काढलाच नव्हता.

तेच त्यांना सांगितलं. "मी नाव म्हटलं. जात तुम्ही म्हणालात."

नवरा खाली मान घालून पाकिटं पिशवीत भरायला लागला. घरी जाताना लेक बसमध्ये माझ्यापासून लांब बसली. तिच्या शाळेतल्या दोघी प्रदर्शनाला आल्या होत्या. "सबको पता चल गया," एवढंच म्हणाली. रडत होती. मी तिची समजूत घातली नाही. लपवलेलं फुटतं तेव्हा दुखतं, ते तिला दुखू दिलं. घरी गेल्यावर जवळ बसवून आजोबांचं नाव सांगितलं, पणजोबांचं सांगितलं. आडनावासकट. ती ऐकत होती की नाही, ठाऊक नाही.

मंडळाच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं. कारण लिहिलं नाही. एअरोसिटीतल्या त्या ओट्यावर काही बनत नाही, अशी तक्रार मी लेखी दिलीय. तिचं काय होईल सांगता येत नाही. कायद्यावर माझा भरवसा नव्हता, आजही नाही. तो कुणाच्या बाजूनं कधी वळेल याचा नेम नाही. पण त्यातलं एक वाक्य माझ्या कामाचं आहे आणि ते मी सोडणार नाही.

चटणी करणं थांबणार नाही. फक्त 'घरची चव' म्हणून आता काही जाणार नाही. कुणाच्या बरणीत, कुणाच्या सासूच्या नावानं जाणार नाही. ज्याला माझ्या हातचं खायचंय त्यानं आधी माझं नाव वाचायचं, आडनावासकट. वाचवत नसेल, तर त्यानं कोरडी भाकरी खावी.