श्वासापुरती जागा

आमच्या परभणीकडे गिटार वाजवणाऱ्याचं पहिलं काम संगीताचं नसतं, अर्थिंगचं असतं. मंडपातली वीज कुठून ओढलेली असेल ते देवालाच ठाऊक. गिटार जोडली की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि गायकाचा ओठ माइकला लागला की झटका बसतो. म्हणून कार्यक्रमाआधी मी अर्थिंगची सळई कुठे ठोकलीय ते शोधायचो आणि तिच्या बुडाशी तांब्याभर मिठाचं पाणी ओतायचो. एकदा एका म्हातारीनं मला असं पाणी घालताना पाहिलं आणि मागून येऊन तिथं हळदकुंकू वाहिलं. माझ्या कलेला जिल्ह्यात मिळालेला मान एवढाच.

मी पेडगावला शाळेत मास्तर. सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रा. पार्टीत कायमचे तिघेच होतो. एक मी, दुसरा कीबोर्डवाला, पार्टी त्याचीच होती, आणि तिसरा आमचा गायक. हा गायक मानवतचा, जिनिंगमध्ये कामाला. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनपुढे त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. सीझनमध्ये कार्यक्रमाला आला तरी त्याच्या भुवयांवर बारीक कापूस असायचा. तो छातीतही जात होता. आम्हाला हे उशिरा कळलं असं मी लोकांना सांगतो, पण ते खरं नाही. आम्हाला दिसत होतं, आम्ही लक्ष दिलं नाही.

तो माझ्यापेक्षा चांगला कलावंत होता, हे आधीच सांगून टाकतो. मी सदानकदा सामानाच्या नावानं बोटं मोडायचो. तारा गंजल्या, तारांखालचा पिकअप आवाज ओढत नाही, स्पीकर फाटका. तो हसून म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं. वाजव की गप."

त्याच्या आवडीचं एक जुनं गाणं होतं. दुसऱ्या अंतऱ्यात एक लांबलचक ओळ होती. पूर्वी तो ती एका दमात म्हणायचा. मग ओळीच्या आधी थांबायला लागला. श्वास हवा असला की त्याचा डावा खांदा जरासा वर जायचा. तो खांदा दिसला की मी गिटारचा छोटा तुकडा पुन्हा वाजवायचो, लागलं तर तिसऱ्यांदाही. लोकांना वाटायचं गाणंच तसं आहे. आम्ही यावर कधी एक शब्द बोललो नाही. तो खांदा उचलायचा, मी थांबायचो. माझ्या वाजवण्यात चांगलं म्हणावं असं जे काही होतं, ते एवढंच.

मग ट्रॅक आले. सगळं वाजवणं आधीच रेकॉर्ड करून पेनड्राइव्हमध्ये भरायचं आणि स्टेजवर फक्त गायचं. कीबोर्डवाला एके दिवशी म्हणाला, "मास्तर, आता समद्या पार्ट्या ट्रॅकवर गेल्या. लोकांना शिनेमासारखा आवाज पायजे. अन् आपल्या गायकाचं काई खरं न्हाई. दम पुरेना त्याला. दुसरा बगावा लागंल."

मीच अक्कल लढवली. म्हणालो, दुसरा कशाला? ट्रॅक आपणच करू, त्याच्या दमाच्या हिशोबानं करू. त्याला जिथं थांबायचंय तिथं मी जागा ठेवतो. कीबोर्डवाल्याला पटलं. गायकाला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि मग बराच वेळ खोकत बसला.

कीबोर्डवाल्याचा स्टुडिओ म्हणजे त्याच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. मे महिना, आणि पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. घामानं बोटं तारांवरून सटकत होती. कानात हेडफोन आणि त्यात ठेक्याची टकटक. मी आयुष्यात टकटकीवर कधी वाजवलं नव्हतं, नेहमी माणसाकडे बघूनच वाजवलं. म्हणून गायकाला समोर उभं केलं. त्यानं आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, खांदा उचलायचा, आणि मी मोजायचं. त्या लांब ओळीआधी त्याला चार ठोके जास्त लागले. मी चार ठोक्यांचा तुकडा घातला. परत वाजवून पाहिलं, पुन्हा चारच. ते रेकॉर्डिंग फार सुरेख झालं. इतकी स्वच्छ गिटार मी त्याआधी वाजवली नव्हती आणि नंतरही नाही.

लहान लेकराचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. कमी होत जाणाऱ्या दमाचं माप मला सुचलं नाही. चाराऐवजी आठ ठोके ठेवले असते तर काय बिघडलं असतं? पण मी पडलो मास्तर. उत्तर चार आलं की चारच लिहायचं.

पावसाळा संपता संपता मानवतलाच एका मुख्याध्यापकाच्या सेवापूर्तीचा कार्यक्रम होता. भर दुपारी, मंगल कार्यालयात. गायकाचं गाव, समोर जिनिंगमधले ओळखीचे लोक, त्याची बायको पहिल्यांदाच कार्यक्रमाला आलेली. मी सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन सळई शोधायला निघालो, तर कीबोर्डवाल्यानं हाक मारली. "राहूद्या मास्तर. वायर जोडूच नका. उगं घूंघूं करती. गिटार नुसती गळ्यात अडकवा अन् हात हलवा. ट्रॅकमदी तुमचंच वाजायलंय की."

मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

पहिला अंतरा ठीक गेला. दुसरा आला. गायकाचा खांदा वर गेला. ट्रॅकमधून माझी गिटार आली, चार ठोके, नीटनेटके. चार ठोके संपले तरी त्याचा खांदा वरच होता. ओळ सुरू झाली, त्याच्याविना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझे हात आपोआप तोच तुकडा पुन्हा वाजवू लागले, मग तिसऱ्यांदा, मग मोजलंच नाही. वायर नसलेल्या गिटारचा आवाज माझ्या पोटालाच काय तो जाणवत होता. स्पीकरमधली माझी गिटार पुढं निघून गेली होती. त्यानं अर्धी ओळ पकडली, ती सुटली, आणि तो थांबला. माइक हातात धरून उभा राहिला आणि गाणं त्याच्याशिवाय शेवटापर्यंत वाजलं. शेवटचा गिटारचा तुकडा झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला वाईट वाटू नये म्हणून असेल. मला मात्र त्या टाळ्या माझ्यासाठी आहेत असं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या पंगतीत तो माझ्या शेजारी बसला. ताटातलं काही खाल्लं नाही. मग हळूच म्हणाला, "तू थांबला न्हाईस."

"अरे, तो ट्रॅक होता. मी तर वाजवत होतो, तुझ्याकडं बघूनच."

"ट्रॅकमदी तूच हाईस ना?"

 

त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. मी त्याच्या घरी गेलो की विषय पावसापाण्याचा, पोरांच्या शाळेचा. एकदा मी गिटार घेऊन गेलो. म्हटलं, इथं कोण आहे, हळू म्हण, मी थांबतो. त्यानं मान हलवली. "आता कितीबी थांबलास तरी पुरायचं न्हाई," म्हणाला. थंडीत तो गेला. शेवटी शेवटी झोपल्या जागीही त्याचा तो खांदा वर जायचा, आणि मी शेजारी रिकाम्या हातानं बसलेला असायचो.

पुढं किती दिवस तरी मी गिटारला हात लावला नाही. मग एका रविवारी त्या चार ठोक्यांची फार आठवण आली. तो गायलेला एकही सूर आमच्याकडे रेकॉर्ड केलेला नव्हता. गोधड्यांच्या त्या खोलीत तो नुसता ओठ हलवत उभा होता, आवाज माझाच घेतला होता. त्याचं असं काही उरलं असेल तर तेवढी जागा. मी परभणीला कीबोर्डवाल्याकडे गेलो आणि तो ट्रॅक मागितला.

"द्यायलोय की," तो म्हणाला. "लय चालायलाय तो. पालमच्या कार्यक्रमात कालच लावला. नवा गायक तयारीचा हाय, पण दुसऱ्या अंतऱ्यात मदीच खाली जागा होती, तिथं सारखा अडकायचा. म्हून ती कापली."

"आधीचा असेल ना?"

"त्याच्यावरच सेव्ह केला. कामून?"

काही नाही म्हणालो. त्यानं कौतुकानं मला ट्रॅक ऐकवला. दुसरा अंतरा आला. गिटार वाजत आली आणि सरळ लांब ओळीत शिरली. कुठं कापलंय तेसुद्धा कळत नव्हतं. काम सफाईदार होतं.

"आता कसं सलग वाटायलंय?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो. ट्रॅकमध्ये आता मी कुणासाठीच थांबत नाही.