बदरूचाचांचा लोखंडी हात

बदरुद्दीन कारंजा गावात घड्याळं दुरुस्त करायचे. माझे यजमान तेव्हा तिथल्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, मॅनेजर होते. १९३६ च्या डिसेंबरात बदरुद्दीन आमच्या ओसरीवर एक लोखंडी हात घेऊन आले. जिनमध्ये कापूस घालणाऱ्या पंचफुलाला त्यांनी मुद्दाम सोबत आणलं होतं. कासारासारखा तिचाच हात दाबून त्यांनी माप घेतलं होतं.

चावी फिरवली. हाताने टोपलीतला कापूस उचलला, पुढे ढकलला आणि हात मागे आला.

"बदरूचाचा, याले बांगड्या तरी भरा. रांडमुंड दिसून राह्यला," पंचफुला म्हणाली. आम्ही हसलो.

"हस बेटी. आज कापूस टाकते, उद्या असेच हात आजाऱ्याले पानी पाजतीन. बाईचा हात जिनच्या फिरत्या रुळापाशी जानारच नाही."

यजमान खूश झाले. "मग आठ बाया कशाला? टोपल्या भरायला एक पुरे."

पंचफुलाचं हसू थांबलं. पायरी उतरताना ती हळूच म्हणाली, "चाचा, हात वाचीन. पण त्याले काम कोन देईन?"

दुसऱ्या दिवशी बदरुद्दीन परत आले. "स्प्रिंग तुटली साहेब. हे जमनार नाही." स्प्रिंग त्यांच्या बंडीच्या खिशात होती, शाबूत. मला दिसली. मी रोजनिशीत लिहिलं, यजमानांना सांगितलं नाही.

संक्रांतीला बायांनी नव्या बांगड्या भरल्या. सणाच्या दिवशी काच फुटू नये म्हणून त्यांवर फडकं बांधून त्या कामावर गेल्या. दुपारी पंचफुलाच्या फडक्याचं टोक रुळात गेलं, मागोमाग हात.

हात कापावा लागला. जखम भरल्यावर बदरुद्दीन तिच्याकडे निघाले, तेव्हा मीही गेले. लोखंडी हाताला त्यांनी चामड्याचे पट्टे लावले होते. माप बरोबर बसलं.

"यानं भाकर थापता येईन?"

"नाही, बेटी."

"पोराची झबली धुता येतीन?"

खिशातून ती स्प्रिंग काढून बदरुद्दीननी तिच्यापुढे ठेवली. "तुटली नोती," एवढंच म्हणाले.

पंचफुलाने स्प्रिंग त्यांच्याकडे परत सरकवली. मग म्हणाली, "मीच तं म्हनलं होतं, चाचा, काम कोन देईन म्हनून." तिने लोखंडी हात माझ्यापुढे केला. "बाईसाहेब, बांगड्या भरून द्या. नवरा जिता हाये माहा."

मी हिरव्या बांगड्या चढवल्या. एकही फुटली नाही.